उजव्या सीटवरचा डिफेन्समन

पहिल्याच दिवशी मास्तरांनी माझ्यासमोर दात काढून ठेवले. गाडीत बसले, पट्टा लावला, तोंडात दोन बोटं घातली आणि वरचे चार दात एका तुकड्यात बाहेर काढून समोरच्या कप्प्यातल्या साबणाच्या डबीत टाकले. "शिकाऊ माणसाबरोबर बसताना मी हे लावत नाही," ते म्हणाले. "ब्रेक लागला की गिळले जातात. चल ड्रायव्हर, आरसा बघ. जगायची इच्छा असेल तर दोन्ही आरसे बघ." मी नागपूरला सहा वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवलेली बाई. वर्गात मुलं मला टरकून असायची. त्या सकाळी माझ्या तोंडून साधं 'येस सर' धड निघालं नाही.

'मास्तर' हे नाव आम्हीच ठेवलेलं, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या मराठी बायकांनी. ते मूळचे कॅनडाचे, गव्हाच्या शेतांमधल्या एका खेड्यातले. चौदा वर्षं आइस हॉकी खेळून पोट भरलेला माणूस. खेळायचे डिफेन्समन म्हणून, म्हणजे आपल्या गोलपुढे उभं राहायचं आणि जो अंगावर येईल त्याला आडवं करायचं. गुडघे कामातून गेले तेव्हा खेळ सुटला, बायको त्याच्या आधीच सुटली होती, आणि ते आमच्या गावात येऊन लोकांना ड्रायव्हिंग शिकवायला लागले. त्यांचं बोलणं सगळं इंग्रजी. मी ते मराठीत लिहिते आहे आणि दर वाक्यातला एक शब्द गाळते आहे. तो शब्द मी घरी मिलिंदपुढेसुद्धा कधी उच्चारला नाही.

मिलिंद, म्हणजे माझा नवरा, रोज सकाळी गाडी स्टेशनवर लावून लोकलने शिकागोला नोकरीला जायचा. मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरी करायला बंदी. लायब्ररी दीड मैलावर, पण बर्फ पडला की फूटपाथच दिसेनासा व्हायचा. दूध संपलं तर शनिवारची वाट बघायची. दोन हजार दोनचा तो हिवाळा मी खिडकीशी बसून काढला. मग एका कॉलेजात शिक्षकांच्या कोर्सला मला ॲडमिशन मिळाली, मे महिन्यात सुरू होणारा. कॉलेज वीस मैलांवर, बस नाही, ट्रेन नाही. लायसन्स नाही तर कोर्स नाही, इतका तो सरळ हिशोब होता. मिलिंदने आधी स्वतः शिकवून बघितलं आणि तीन शनिवारांत आमचं लग्न मोडायची वेळ आणली. तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या स्वातीने मला मास्तरांचा नंबर दिला. स्वाती पुण्याची, माझ्यासारखीच नवऱ्यामागे आलेली, या देशातली माझी पहिली आणि बराच काळ एकुलती एक मैत्रीण. "अगं, महाखडूस आहे," ती म्हणाली. "रडवतो. पण पास करतो यार. माझी एक टेस्ट फेल झाली तरी मी त्याच्याकडेच जाते."

रडवायचे हे खरंच. मास्तरांच्या जिभेला हाड नव्हतं. "तू गाडी चालवत नाहीयेस, गाडी तुला फिरायला घेऊन चाललीय." "तुझ्या नवऱ्याने तुला माझ्याकडे पाठवलं, म्हणजे त्याचं तुझ्यावर फार प्रेम आहे किंवा अजिबात नाही." एकदा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना मी मागे कुणीतरी सोडलेली सामानाची एक कार्ट ठोकली. नुसता आवाज झाला. मास्तरांनी मला खाली उतरवलं, कार्टची वाकडी झालेली जाळी हाताने चाचपायला लावली आणि विचारलं, "यात पोर बसलेलं असतं तर?" मग ती तीन चाकांवर लंगडणारी कार्ट मला अख्ख्या पार्किंगमधून दुकानाच्या दारापर्यंत ढकलत न्यायला लावली. मी बर्फाच्या चिखलातून चालले आहे आणि मास्तर शेजारून गाडी चालवत हॉर्न वाजवताहेत. लोक थांबून बघत होते. त्यात आमच्या ओळखीचं एक तेलुगू कुटुंबही होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण त्यानंतर आजपर्यंत मी मागे न बघता रिव्हर्स घेतलेला नाही.

त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं, "मान वर!" मी घाबरले की नजर बॉनेटवर खिळायची आणि शेजारून हे ओरडायचे. "मान वर, ड्रायव्हर! खाली बघतो तो मरतो." आमच्या आजीने मला बाईमाणसाने पायाखाली बघून चालावं असं शिकवलं होतं आणि बाबांनी, मान ताठ ठेव, आपल्या माणसांनी पुष्कळ पिढ्या खाली बघितलंय, असं शिकवलं होतं. घरात या दोघांचं कधी पटलं नाही. बाबांचं वाक्य इतक्या शिव्यांसकट मला इलिनॉयमध्ये एका बोळक्या तोंडाच्या गोऱ्या माणसाकडून पुन्हा ऐकायला मिळेल असं काही वाटलं नव्हतं. हे मी एकदा मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझा बाप हॉकी खेळायचा का?" मी नाही म्हटलं. "मग त्याला कोणी शिकवलं?" मी त्यांना दोन सिग्नल जाईपर्यंत आमचा इतिहास सांगितला. त्यांनी तो सगळा ऐकून घेतला आणि शेवटी म्हणाले, "तू इंडिकेटर बंद करायला विसरलीयस."

स्वतःचं करिअर त्यांनी मला लाल दिव्यांवर सांगितलं. दिवा लाल असेपर्यंत गोष्ट, हिरवा झाला की बंद. सोळाव्या वर्षी घर सोडलं. अनोळखी कुटुंबांच्या तळघरात राहून छोट्या लीगमध्ये खेळले, बसमध्ये झोपले. मोठ्या लीगमध्ये चार हिवाळे मिळाले. उरलेली दहा वर्षं अमेरिकेतल्या अशा अशा गावांत, की ती नकाशावर शोधायला मी घरी येऊन चष्मा लावून बसायची. एका संघातून दुसऱ्या संघात विकलं जाणं हे त्यांच्या धंद्यात रोजचंच. कोणी बोलावून सांगायचं नाही. सरावाला यावं तर आपली बॅग भरून खोलीच्या दाराबाहेर ठेवलेली दिसायची. "मग काय करायचं?" मी विचारलं. "बॅगेवर बसायचं," मास्तर म्हणाले. "बस येईपर्यंत."

एका लाल दिव्याला त्यांनी एका पोराची गोष्ट सांगितली. मोठ्या लीगमधला वीस वर्षांचा नवा खेळाडू, पायात वारं असलेला, सगळे त्याच्यावर खूश. मास्तरांना सांगितलं होतं, त्याला थांबव. तो चकती, म्हणजे त्यांच्या खेळातला चेंडू, घेऊन मान खाली घालून आला आणि यांनी खांद्याने धडक दिली. "क्लीन हिट. नियमात बसणारी. रेफरीने शिटीसुद्धा वाजवली नाही." तो पोरगा पुन्हा कधीच खेळला नाही. त्या एका धडकेवर मास्तरांना मोठ्या लीगमध्ये आणखी दोन हिवाळे मिळाले. मी विचारलं, तो आता काय करतो? "मी विचारलं नाही," ते म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, तो माझ्या तोंडावर दिसला असणार. ते म्हणाले, "काय झालं? तुला मी देवमाणूस वाटलो होतो? ग्रीन. जा."

स्वतःच्या डोक्याचंही त्यांनी तसंच केलं होतं. किती वेळा शुद्ध गेली हे त्यांनी मोजलं नव्हतं, कारण मोजणाऱ्याला घरी पाठवतात. धडक बसून पडलं की संघाचा माणूस येऊन विचारायचा, आपण कुठल्या गावात आहोत? उत्तर चुकलं की खेळ बंद. म्हणून मास्तर प्रत्येक सामन्याआधी काठीच्या मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर पेनने गावाचं नाव लिहून ठेवायचे. पडल्यापडल्या मुठीकडे बघायचं आणि वाचून दाखवायचं. "चौदा वर्षांत एकदाही नापास झालो नाही," हे त्यांनी छाती फुगवून सांगितलं. मी हसले. गाडीत त्यांच्या मांडीवरच्या लिहायच्या पॅडवरसुद्धा तशीच पांढरी पट्टी असायची. वार, नेपरव्हिल, माझं नाव. माणूस किती व्यवस्थित आहे, असं मला वाटायचं.

मास्तरांनी कधी शाबासकी दिली नाही. त्यांचा नियम असा होता, की मी बोलतोय म्हणजे तू चुकतेयस, मी गप्प आहे म्हणजे तू बरोबर आहेस. "ज्या दिवशी डिफेन्समनचं नाव कोणी घेत नाही, तो त्याचा चांगला दिवस." त्यामुळे आम्ही बायका त्यांच्या गप्प बसण्याची वाट बघायचो. स्वातीची आणि माझी तर चढाओढ लागलेली. क्लास झाला की फोन. "आज किती?" "तीन सिग्नल!" "फेकू नकोस." कुणाला गळ्यातला हार दाखवावा तसं आम्ही एकमेकींना मास्तरांचं मौन दाखवत होतो. हे दुसऱ्या कुठल्या शिकाऊंनी केलं असतं असं मला वाटत नाही. शिव्या देणाऱ्या मास्तरांपुढे मुकाट बसायची आणि ते थांबले की धन्य व्हायची सवय आम्ही शाळेतूनच घेऊन आलो होतो.

मार्चअखेरच्या एका शुक्रवारी मास्तर गप्प झाले. लायब्ररीच्या वळणानंतर एक शब्द नाही. पहिल्या सिग्नलला मी मनात खूश झाले, चौथ्याला स्वातीचा विक्रम मोडला. डावीकडे का उजवीकडे हेही सांगेनात, तेव्हा मला वाटलं, माझ्यावर सोपवलंय. मी गावाबाहेर पडले. दोन्ही बाजूंना कापलेल्या मक्याची शेतं, मधूनमधून उरलेला बर्फ. समोर हायवेची पाटी आली. हायवेवर मी कधी गेले नव्हते. मी तिरक्या नजरेने बघितलं, मास्तर सरळ समोर बघत होते, मान वर. मी हायवेवर गाडी घातली. शेजारून ट्रक धडधडत जात होते आणि मी दोन एक्झिट तशीच गेले, उतरले, वळले, परत आले, आमच्या बिल्डिंगपुढे गाडी दोन रेघांच्या बरोबर मधे लावली. या देशात आल्यापासून मला इतकं सुख झालं नव्हतं. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. निदान मान तरी हलवतील.

त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. उजवा हात गुडघ्यावरची पँट चोळत होता, पुन्हा पुन्हा, एकाच जागी. डोळे उघडे होते आणि त्यांत कोणीही नव्हतं. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. बऱ्याच वेळाने त्यांनी पापणी हलवली, मग पॅडवरच्या पट्टीकडे बघितलं आणि पहिलीतल्या मुलासारखं वाचलं, "नेपरव्हिल. शुक्रवार." मग माझं नाव वाचलं. मग बाहेर बघितलं, गाडी कुठे उभी आहे ते.

"कुठून आलो आपण?"

"हायवेवरून."

त्यांनी बाहीने तोंड पुसलं. "म्हणजे तू एकटीच गेलीस," ते म्हणाले.

मला सगळं समजलं होतं आणि मला समजलंय हे त्यांना समजलं होतं. हे पहिल्यांदा झालं नव्हतं, हेही मला त्यांच्या तोंडावर दिसलं. बुधवारी माझी टेस्ट होती. मिलिंदला रजा नव्हती, मास्तरांच्या गाडीतून त्यांच्याच बरोबर जायचं ठरलं होतं. पुढची तारीख म्हणजे जून, आणि कोर्स मे महिन्यात. मास्तर म्हणाले, "बुधवारी तुला गाडी लागेल." त्यात धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. मी म्हटलं, "हो." बस, एवढंच. मिलिंदला मी सांगितलं नाही, कारण त्याने टेस्ट कॅन्सल केली असती. पुढे मी स्वतःला पुष्कळ समजावलं, की म्हाताऱ्याची रोजीरोटी जाऊ नये, मोठ्या माणसाचं उणं चारचौघांत काढू नये म्हणून मी गप्प बसले. ते सगळं नंतर सुचलेलं आहे. त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त बुधवार होता.

बुधवारी मी पास झाले. मास्तर बाहेर बाकावर बसले होते. मी लायसन्स दाखवलं, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "फोटो वाईट आलाय."

आठ-दहा दिवसांनी आमच्या घरी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या जेवणाची तयारी चालू होती. आम्ही हॉल घेतला होता, दोनशे माणसं येणार होती, पुऱ्यांचं पीठ माझ्याकडे. स्वाती मदतीला आली होती. तिची दुसरी टेस्ट जवळ आली होती. पुरी लाटता लाटता म्हणाली, "काल ना, तो पंधरा मिनिटं गप्प होता! पंधरा! मी घड्याळ लावलं होतं. तू हरलीस आता." तिचा चेहरा नुसता फुलला होता. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण सांगायचं म्हणजे, मला हे दोन आठवड्यांपासून माहीत आहे, हेही सांगायला लागणार. मी कढईत पुरी सोडली आणि म्हटलं, "अभिनंदन." आज इतक्या वर्षांनंतरही तो शब्द आठवला की माझं मलाच कसंतरी होतं.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, एका मोठ्या चौकात स्वाती डावीकडे वळली. समोरून व्हॅन येत होती. मास्तर गप्प होते, म्हणून ती वळली. व्हॅन मास्तरांच्या बाजूला घुसली. स्वातीचं पट्ट्याखालचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मास्तरांचं खुब्याचं हाड आणि बरगड्या गेल्या, डोकं काचेवर आपटलं. पोलिसांनी नियम मोडल्याचं तिकीट स्वातीला दिलं. मी हॉस्पिटलमध्ये गेले तेव्हा ती छताकडे बघत एकच वाक्य म्हणत होती, "तो गप्प होता ना गं, म्हणून मी वळले. तो गप्प होता." तिच्या नवऱ्याला ग्रीन कार्डची काळजी. भेटायला आलेले लोक बाहेर कॉरिडॉरमध्ये, "रेकॉर्डवर येणार हे," "बिचाऱ्या म्हाताऱ्याला कायमचं झोपवलं हिने," असं बोलत होते. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "जाऊ दे." मास्तर त्याच हॉस्पिटलमध्ये दोन मजले वर होते. मी वर गेले नाही. चार-पाच दिवसांनी स्वातीने तो विषयच बंद केला आणि, खरं सांगते, मला हायसं वाटलं.

ती नंतर गाडीला हात लावेना. "भीती वाटते," म्हणायची. मग मी तिची ड्रायव्हर झाले. इंडियन स्टोअर, डेंटिस्ट, लायब्ररी. तिच्या बाळंतपणात पहाटे तिला मीच नेलं, तिचा नवरा कामाला बाहेरगावी होता. माझा कोर्स झाला, पुढे वर्क परमिट आलं, एका शाळेत नोकरी लागली, तरी आठवड्यातून दोन दिवस मी तिच्यासाठी राखून ठेवायची. ती मागायची, मी जायची. कधी नाही म्हटलं नाही. बायका म्हणायच्या, मैत्री असावी तर अशी. मी ऐकून घ्यायची. हळूहळू मी मनातल्या मनात स्वतःला माफ करत आणलं होतं.

मास्तर पुन्हा घरी गेलेच नाहीत. त्यांना गावाबाहेरच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. तीन महिन्यांनी मी पहिल्यांदा गेले, मग महिन्यातून एकदा तरी जात राहिले. स्वातीला हे सांगितलं नव्हतं. त्यांचा मेंदू आता भराभर उतरणीला लागला होता. मला ते कधी संघाची नर्स समजायचे, कधी कुठल्याशा गावातली घरमालकीण. एकदा आंघोळ घालायला आलेल्या माणसाला त्यांनी खांद्याने धडक दिली, तो भिंतीवर आदळला. त्याने मागून मिठी मारली होती, ही त्याची चूक. त्यांना दुसऱ्या विंगमध्ये हलवायचं ठरलं, जिथे दारांना बाहेरून कड्या असतात. मी पोचले तेव्हा आयाने त्यांचे कपडे बॅगेत भरून बॅग खोलीबाहेर ठेवली होती. मास्तर त्या बॅगेवर बसले होते, केस विंचरून, कोटाची बटणं लावून. कुणावर रागावले नव्हते. मला म्हणाले, "कुठल्या गावाला, काही कळलं का?" मी नेपरव्हिल म्हटलं. "चांगलं आहे का?" त्यांनी विचारलं. मी त्यांना चांगलं आहे म्हणून सांगितलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

मला तो माणूस आवडत होता, हे इथे स्पष्टच लिहिते. या देशात आल्यावर सगळे माझ्याशी गोड बोलत होते आणि कोणालाच माझ्याकडून काही नको होतं. एकट्या मास्तरांना हवं होतं, की मी नीट चालवावं. ते मला कधी बिचारी समजले नाहीत. हॉकीतल्या त्या पोरालाही ते बिचारा समजले नव्हते आणि स्वतःलाही नाही. हा गुण आहे की दोष, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन हजार सहाच्या सुमारास एक दिवस त्यांचं डोकं स्वच्छ होतं. असे दिवस आता क्वचित यायचे. मी सफरचंद कापून देत होते. ते एकदम म्हणाले, "त्या दुसरीला सांगितलंस?"

"कोणाला?"

"जी वळली तिला. तुला माहीत होतं, हे सांगितलंस?"

"हो," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मी सफरचंदाकडे बघत होते. "मान वर, ड्रायव्हर," ते म्हणाले. मी मान वर केली तोवर ते खिडकीकडे वळले होते. त्यानंतर त्यांनी मला कधी ओळखलं नाही. मला वाटलं, सुटले.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत मास्तर गेले. नर्सिंग होममधून फोन आला. कुणाशी तरी बोलावं म्हणून मी स्वातीला फोन केला, नुसतं कळवायला. ती म्हणाली, "मी येते. मला घेऊन जा." मला आश्चर्य वाटलं. चर्चमध्ये जेमतेम नऊ माणसं होती. कॅनडाहून त्यांची बहीण आली होती आणि वाकड्या नाकाचे दोन धिप्पाड म्हातारे, जे एकमेकांशी बोलत नव्हते. पाद्रीने त्यांच्या संघांची यादी वाचली, त्यातलं एक गाव चुकवलं. स्वाती शेवटपर्यंत डोळे पुसत होती.

परत येताना बारीक बर्फ पडत होता. स्वाती माझ्या शेजारी बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. मास्तर आता नव्हते, माझ्यावर कोणाचं बंधन नव्हतं. मी म्हटलं, "स्वाती, मला तुला काहीतरी सांगायचंय. ॲक्सिडेंटच्या आधीचं."

"माहितीये मला," ती म्हणाली.

पुढे सिग्नल लाल होता. मी गाडी थांबवली.

"तिसऱ्या दिवशी व्हीलचेअरवरून माझ्या रूममध्ये आला होता तो," स्वाती म्हणाली. "सगळं सांगितलं. माझी फॉल्ट नाही म्हणाला. पोलिसांनापण त्यानेच बोलावून सांगितलं, स्वतःचं लायसन्स सरेंडर केलं. माझं तिकीट त्याच महिन्यात कॅन्सल झालं. पाच वर्षांत तू एकदा तरी विचारलंस का गं, की तुझ्या केसचं काय झालं?"

मी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं तिला दारोदार नेलं, तिच्या पोराच्या लशी मला तोंडपाठ, आणि हे मी विचारलं नव्हतं.

"माझं नाव त्यांनी..."

"तुझं नाव त्याला आठवत नव्हतं. म्हणाला, आधीपण असं झालंय, एक ड्रायव्हर हायवेवर एकटीच जाऊन आली, तिला माहीत आहे. मग मीच ओळखलं. हायवेचं तू मला फोनवर रंगवून सांगितलं होतंस ना, फक्त तो गप्प का होता ते सोडून." ती खिडकीबाहेर बघत होती. "आणि म्हणाला, चांगली चालवते ती."

मास्तरांनी माझ्याबद्दल काढलेले एवढेच चांगले शब्द, आणि ते मला असे मिळाले.

"मी घरी येऊन वाट बघत होते," स्वाती म्हणाली. "पहिल्या आठवड्यात बोलली असतीस ना, तर मी माफ केलं असतं यार. शपथ. पण तू राइड द्यायला लागलीस. मग मला वाटलं, बघू या, किती वर्षं देते."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी तिला तिच्या दारात सोडलं. ती उतरली, नेहमीसारखं थँक्स म्हणाली आणि निसरड्यावरून जपून चालत आत गेली. पुढच्या आठवड्यात तिने ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका पंजाबी बाईंकडे नाव घातलं. जूनमध्ये ती पास झाली. मला ते मिलिंदकडून कळलं.